तांदळावरच्या बुरशीपासून आजोबांच्या गोळीपर्यंत

१/५ हृदयविकाराच्या झटक्यानंतर वेळापूरच्या आमच्या आजोबांनी कोलेस्टेरॉलची गोळी वर्षभर घेतली. रक्ताचा अहवाल उत्तम येताच ती बंद करण्याचे त्यांनी ठरविले. तेव्हा त्या गोळीचा इतिहास सांगावा लागला.

२/५ जपानच्या सांक्यो कंपनीत अकिरा एन्डो यांनी सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासले. १९७३ मध्ये तांदळावरील बुरशीत यकृताची कोलेस्टेरॉल-निर्मिती रोखणारे द्रव्य सापडले. हाच पहिला स्टॅटिन.

३/५ १९८७ मध्ये अमेरिकेने लोवास्टॅटिनला मान्यता दिली. तरी प्रश्न उरलाच : कोलेस्टेरॉल उतरले, पण माणूस वाचतो काय?

४/५ उत्तर १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातून आले. ४,४४४ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन दिले, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून अधिक काळात मृत्यू झाले अनुक्रमे १८२ आणि २५६.

५/५ भारताच्या १९७० च्या कायद्याने औषधाला नव्हे, केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेला पेटंट दिले. २००५ पर्यंतच्या या तरतुदीमुळे देशी कंपन्यांची स्वस्त औषधे गावोगावी पोहोचली.

अहवाल उत्तम आला तो गोळीमुळेच. ती थांबली की यकृत पूर्वपदावर येते. आजोबांनी ऐकून घेतले. गोळी चालू आहे.