रुपेरी पडद्यावरील वेड आणि वैद्य

मराठींत ज्याला सरसकट ‘वेड’ म्हणतात, त्या एका शब्दाच्या पोटांत कितीतरी निरनिराळे आजार कोंबलेले आहेत. कोणास नसलेले आवाज ऐकूं येतात, कोणास जगणें नकोसें होतें, कोणाची स्मृति उतारवयांत विझत जाते. असा आजार घरांत शिरला म्हणजे कुटुंबानें काय करावें? खंडेश्वराच्या पुरातन देवळानें ज्याला नांव दिलें त्या नांदगावांत काय, किंवा वऱ्हाडांतील दुसऱ्या कोणत्याहि गावीं काय, बहुधा प्रथम देवाला साकडें घातलें जातें, मग जाणता शोधला जातो, आणि दवाखान्याची आठवण सर्वांच्या शेवटीं होते. ह्या विलंबाचीं कारणें अनेक आहेत; परंतु त्यांत सिनेमाचाहि वाटा आहे. कारण मनोरुग्णालयाची पायरी ज्यानें कधींच चढलेली नाहीं, त्यानेंहि तें पडद्यावर पाहिलेलें असतें.

मराठी रंगभूमीला चित्तविभ्रम अपरिचित नव्हता. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘हॅम्लेट’ नाटक ‘विकारविलसित’ ह्या नांवानें मराठींत आणलें. पुढें १९५७ सालीं वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’ ह्या नाटकांत एका कुटुंबप्रमुखाचें ढासळणारें मन प्रेक्षकांसमोर आलें. मात्र नाटकानें मुख्यतः रुग्णाकडे पाहिलें. त्याच्या वैद्याला ठळक रूप दिलें तें सिनेमानें.

तें रूप आरंभापासूनच भयप्रद होतें. १९२० सालच्या ‘डॉ. कॅलिगारी’ ह्या जर्मन मूकपटांत वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख हाच दुष्ट जादूगार म्हणून दिसतो, आणि अखेरीस ती हकीकत सांगणाराच रुग्ण ठरतो. १९४५ सालीं हिचकॉकच्या ‘स्पेलबाऊंड’मध्यें वैद्य उलट टोकाला गेला, गुप्तहेरानें चोर पकडावा त्याप्रमाणें स्वप्नाचा अर्थ लावून तो रोग पकडूं लागला. एक वैद्य राक्षस, दुसरा चमत्कार करणारा. आणि रोज शांतपणें औषध देऊन महिनोन्‌महिने वाट पाहणारा खरा वैद्य मात्र पडद्याला नीरस वाटला.

भारतांत ह्या कथेला प्रेमाची जोड मिळाली. असित सेन ह्यांच्या १९५९ सालच्या ‘दीप ज्वेले जाइ’ ह्या बंगाली चित्रपटांत परिचारिका रुग्णावर प्रेम करण्याचें नाटक करून त्याला बरें करते, आणि शेवटीं तिचेंच मन कोलमडतें. त्यांनींच पुढें हिंदींत त्याचा ‘खामोशी’ केला. सेवा करणाऱ्यालाहि झीज लागते, हें सत्य ह्या कथेनें करुणेनें सांगितलें. पण प्रेमानेंच मनोविकार बरा होतो, हा गैरसमजहि तिनें घरोघरीं नेला. वास्तविक १९५२ सालींच फ्रान्समध्यें क्लोरप्रोमाझिन हें औषध मनोविकारावर वापरांत आलेलें होतें.

विजेच्या झटक्याची भीति याहून खोल आहे. हा उपचार १९३८ सालीं इटलींत सुरू झाला. आरंभीं तो भूल न देतां होत असे. तेव्हां लोकांची भीति निराधार होती असें म्हणतां येणार नाहीं. १९७५ सालच्या ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ ह्या अमेरिकन चित्रपटानें तो शिक्षेसारखा दाखविला आणि तें चित्र जगभर रुजलें. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें भूल व स्नायू शिथिल करणारें औषध दिल्यावांचून तो करण्यास मनाई केली आहे. उपचार बदलला; पाहणाराच्या मनांतलें चित्र मात्र जुनेंच राहिलें.

तें पुसण्याचें काम मराठींत सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांनीं केलें. ‘देवराई’ (२००४) मध्यें अतुल कुलकर्णी ह्यांनीं स्किझोफ्रेनिया झालेला तरुण उभा केला. तेथें रुग्णाइतकीच त्याची बहीणहि कथेच्या मध्यभागीं आहे. ‘अस्तु’मध्यें स्मृति हरपलेला संस्कृत पंडित हत्तीमागून चालत हरवतो, आणि माहुताची बायको त्याला मुलासारखें सांभाळते. त्या भूमिकेबद्दल अमृता सुभाष ह्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ सालच्या चित्रपटांत सुवर्णकमळ मिळविणारा ‘कासव’ तर नैराश्यावरच आहे. विशेष हें कीं, ‘अस्तु’तील तो पंडित रंगविणारे मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. वैद्यानें खुर्ची सोडून रुग्णाच्या जागीं बसावें, ह्याहून बोलका बदल कोणता?

आणि वऱ्हाडाचें काय? विदर्भांतील शेतकऱ्याची कथा सांगणाऱ्या सतीश मनवर ह्यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) ह्या चित्रपटांत शेजारच्या शेतकऱ्याची आत्महत्या पाहून अलकेला नवऱ्याचें भय वाटूं लागतें. ती त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवते. लहान मुलालाहि त्याच्यामागें पाठविते. प्रेक्षक हसतो, आणि हसतां हसतां त्याचा घसा दाटतो. त्या साऱ्या धडपडींत कोणासहि मनाच्या डॉक्टरची आठवण होत नाहीं. दिग्दर्शकानें तो वगळला असें म्हणण्यापेक्षां त्या गावांत तो नव्हताच, असें म्हणणें अधिक खरें. वऱ्हाडाला जवळचें मोठें मनोरुग्णालय नागपूरचें. तें १८६४ पासूनचें.

२०१७ चा तोच कायदा सांगतो कीं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें गृहीत धरावें, त्याला शिक्षा करूं नये, आणि त्याची काळजी सरकारनें घ्यावी. अलकेची राखण प्रेमाची होती, पण ती एकटीची होती. तिच्यासारखीं माणसें वऱ्हाडांत आजहि घरोघरीं जागत आहेत. ह्या पहाऱ्यांत डॉक्टरचाहि भाग आहे, आणि त्याच्याकडे जाण्यांत लाज नाहीं, एवढें जरी पुढच्या चित्रपटानें त्यांना दाखविलें, तरी पडद्याचें जुनें ऋण बरेंचसें फिटेल.