मैनमुळाचा काढा आणि मुलुंडची प्रयोगशाळा

आपल्या दारात एखाद्या डब्यात पानओवा असतोच. पावसात त्याची भजी होतात, पोराला खोकला झाला की पान चुरगळून रस देतो. याच पानओव्याच्या जातकुळीतलं दुसरं झाड म्हणजे मैनमुळ. कोरड्या, खडकाळ उतारावर येतं, मुळ्या जाड असतात. गुजरातेत त्याला गरमर म्हणतात आणि मुळ्यांचं लोणचं घालतात.

परवा माणदेशातल्या एका ताईंनी विचारलं, "मैनमुळाचा काढा घेतला तर बीपीची गोळी बंद केली तर चालंल का हो?" ताई, प्रश्न अगदी हवेतला नाही. त्याचं उत्तर शोधायला मुंबईला, मुलुंडला जावं लागतं. सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांतली माणसं पोटासाठी तिकडे गेली, तेव्हा गाव काही परकं नाही.

मुलुंडला हेक्स्ट या जर्मन औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं. 1970 च्या दशकात तिथले लोक आपल्याकडच्या औषधी वनस्पती एकेक करून तपासत होते. मुळ्या वाळवायच्या, अर्क काढायचा आणि भूल दिलेल्या प्राण्यावर रक्तदाब उतरतो का ते बघायचं. उतरला, तर त्या अर्काचे भाग पाडून पुन्हा तपासायचं. असं करत करत मैनमुळातून एकच पदार्थ हाती आला, फोर्स्कोलिन. पेटर फोर्सकॉल या 18 व्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून झाडाचं शास्त्रीय नाव पडलं, आणि त्यावरून औषधाचं.

या पदार्थाची रचना उलगडून सांगणारा लेख 1977 साली छापून आला. त्यावर पहिलं नाव आहे सुजाता भट यांचं. पुढे त्या मुंबईच्या आयआयटीत रसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. गंमत म्हणजे त्याच सुमारास लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेनेही याच मुळीतून एक पदार्थ काढला आणि त्याला कोलिओनॉल म्हटलं. दोन्ही एकच, हे कळायला काही वर्षं गेली.

प्राण्यांवरच्या प्रयोगात दोन गोष्टी दिसल्या. रक्तवाहिन्या सैल पडून दाब उतरला, आणि हृदयाचं आकुंचन जोरकस झालं. थकलेल्या हृदयाला याहून काय हवं? 1981 साली अमेरिकेत केनेथ सीमन आणि जॉन डॅली यांनी त्यामागचं कारण दाखवलं. विहिरीवरची मोटर आठवा. हृदयाला जोर देणारी बरीच औषधं पेशीच्या बाहेरचं बटण दाबतात. फोर्स्कोलिन बटणाला हातच लावत नाही, थेट आतली मोटर सुरू करतं. आजारी हृदयात बाहेरचं बटण मंदावलेलं असतं, म्हणून तर मोठी आशा वाटली.

पण ही मोटर नुसत्या हृदयात नाही, शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत आहे. ती सगळीकडे चालू झाली की ठोके वाढतात, दाब नको तितका उतरू शकतो. शिवाय हा पदार्थ पाण्यात नीट विरघळत नाही. माणसाला औषध देण्याआधी प्राण्यांवर एवढी वर्षं का घालवतात, ते इथे कळतं. प्राण्यावर गुण आला म्हणजे गोळी तयार झाली असं होत नाही.

म्हणून ताई, गोळी बंद करू नका. शंभर ग्रॅम वाळल्या मुळीत फोर्स्कोलिन अर्धा ग्रॅमसुद्धा सहसा नसतं, तेही झाडागणिक कमी-जास्त. काढ्यात किती उतरलं ते कोण मोजणार? आधीच काढा घेत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा, कारण गोळी आणि मुळी मिळून दाब फार खाली जाऊ शकतो. पानओव्यावरही भरवसा ठेवू नका. 1980 साली मुलुंडच्याच संशोधकांनी तो तपासला, त्यात फोर्स्कोलिन नव्हतं.

मैनमुळाचं पुढे काय झालं? त्यापासून पाण्यात विरघळणारं रूप तयार केलं गेलं आणि 1999 साली जपानने ते मान्य केलं. ही मान्यता हृदय अचानक कमजोर पडलेल्या रुग्णाला दवाखान्यात, शिरेतून देण्यासाठी होती.