व्यायामयंत्रांची सुरक्षित हलवाहलव

व्यायामयंत्रांची सुरक्षित हलवाहलव म्हणजे घरगुती वापराची अवजड व्यायामसाधने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर किंवा एका घरातून दुसऱ्या घरी नेताना माणसाला, यंत्राला आणि वास्तूला इजा होऊ न देण्याची पद्धत होय. ट्रेडमिल, व्यायाम-सायकल, एलिप्टिकल, मल्टिजिम, बारबेल, लोखंडी तबकड्या व डंबेल या साधनांचा यात प्रामुख्याने समावेश होतो. ही साधने केवळ जड नसतात. त्यांचे वजन एका बाजूस एकवटलेले असते, धरण्यास सोयीची जागा क्वचितच असते आणि त्यांचे काही भाग अचानक फिरतात, मिटतात किंवा घसरतात. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या धान्याच्या पोत्यापेक्षा ती हलवणे अधिक जोखमीचे ठरते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील पारंपरिक व्यायाम तालमीत आणि आखाड्यात होत असे. मुद्गल, करेल, गदा, दगडी नाल ही साधने जड असली तरी ती एकाच ठिकाणी राहत आणि उचलणे हाच त्यांचा उपयोग असे. मल्लखांबाचा पुरलेला खांब तर हलवण्याचा प्रश्नच नसे. लातूर जिल्ह्यालाही कुस्तीची परंपरा आहे. १९६९ चे महाराष्ट्र केसरी हरिश्चंद्र बिराजदार हे याच जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे होत.

यंत्रावरील व्यायाम घरात आला तो पुढे. पायचक्की १८१८ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम क्युबिट या अभियंत्याने कैद्यांना कामास लावण्यासाठी तयार केली. घरगुती ट्रेडमिल मात्र अमेरिकन अभियंता विल्यम स्टॉब याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आणली. भारतात मार्च २०२० च्या टाळेबंदीत व्यायामशाळा बंद झाल्या. महाराष्ट्रात त्या २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याच्या दिवशी, पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली. मधल्या काळात अनेक कुटुंबांनी घरीच साधने घेतली. पुढे बदली, भाड्याचे घर सोडणे किंवा जुने यंत्र विकणे अशा कारणांनी ती हलवण्याची वेळ येऊ लागली.

साधने आणि त्यांची वजने

वजने बनावटीनुसार बदलतात. घरगुती ट्रेडमिल साधारणपणे ५० ते १२० किलोग्रॅम, तर व्यायाम-सायकल २० ते ५० किलोग्रॅम भरते. मल्टिजिममधील लोखंडी पट्ट्यांची चळत बहुधा ४५ किलोग्रॅम किंवा त्याहून अधिक असते आणि सांगाड्याचे वजन वेगळे असते. स्पर्धेसाठीचा पुरुषांचा बारबेल दांडा २० किलोग्रॅम वजनाचा व २.२ मीटर लांबीचा, तर स्त्रियांचा १५ किलोग्रॅम वजनाचा व २.०१ मीटर लांबीचा असतो. पाण्याच्या टाकीवर चालणाऱ्या रोइंग यंत्रात प्रत्येक लिटर पाण्यामागे १ किलोग्रॅम वजन वाढते. म्हणून ते रिकामे करूनच हलवतात.

ट्रेडमिलमध्ये मोटर पुढच्या भागात असते आणि तोच भाग अधिक जड असतो. सायकल व एलिप्टिकलमध्ये वजन जड चाकाजवळ एकवटते. उचलण्यापूर्वी जड टोक कोणते हे ठरवणे ही पहिली पायरी मानली जाते.

भाराचे गणित

ओझे शरीरापासून जितके दूर, तितका कमरेवरील ताण अधिक, हे तरफेच्या नियमातून स्पष्ट होते. कण्यामागील स्नायू मणक्याच्या टेकूपासून सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावरून ओढ घेतात. २० किलोग्रॅमचे ओझे टेकूपासून ५० सेंटिमीटर अंतरावर धरल्यास केवळ त्या ओझ्याला तोलण्यासाठी स्नायूंना सुमारे २०० किलोग्रॅम वजनाइतके बल लावावे लागते. तेच ओझे २५ सेंटिमीटरवर आणल्यास हे बल निम्मे होते. वाकलेल्या धडाचे वजन यात धरलेले नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने (नायोश) १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असताना उचलण्याची शिफारस केलेली मर्यादा २३ किलोग्रॅम आहे. या सूत्रात ओझ्याचे आडवे अंतर घोट्यांच्या मध्यापासून मोजतात. ते २५ वरून ५० सेंटिमीटर झाले की ही मर्यादा ११.५ किलोग्रॅमवर येते. ९० किलोग्रॅमची ट्रेडमिल दोघांनी पूर्णपणे उचलल्यास प्रत्येकाच्या वाट्यास ४५ किलोग्रॅम येतात. चौघांनी उचलल्यास भार २२.५ किलोग्रॅमवर येतो. परंतु घरगुती जिन्यावर चार माणसे एका यंत्राभोवती मावत नाहीत. म्हणून सपाट जागी यंत्र चाकांवर ढकलणे आणि जिन्यावर नेण्यापूर्वी ते सुटे करणे, हे दोन उपाय माणसे वाढवण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतात.

पूर्वतयारी

नेण्याचा मार्ग आधी मोजतात. दाराची रुंदी, जिन्याचे वळण, कठड्याची उंची आणि यंत्राची सर्वांत मोठी बाजू यांची तुलना केली म्हणजे अर्ध्या जिन्यात अडकण्याचा प्रसंग टळतो. वाटेतील पायपुसणी, चपला व पाण्याच्या घागरी बाजूला करतात. ओली फरशी पुसून कोरडी करतात. लहान मुले व पाळीव प्राणी यांना दुसऱ्या खोलीत ठेवतात.

वीज बंद करून प्लग काढला जातो. ट्रेडमिलची सुरक्षा-चावी वेगळी काढून मोठ्या माणसाकडे ठेवतात. सुटे करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घेणे आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत चिठ्ठी लावून ठेवणे हितावह असते. पायांत बंद व न घसरणारी पादत्राणे असावीत. ओढणी, पदर, धोतराचा सोगा, लोंबते दागिने व अंगठ्या यंत्रात किंवा दारात अडकू शकतात, म्हणून ते आवरून किंवा काढून ठेवावेत.

यंत्रनिहाय पद्धती

ट्रेडमिल : चढ शून्यावर आणून पट्टा मिटवला जातो आणि खिट्टी पूर्ण बसल्याची खात्री केली जाते. खिट्टी अर्धवट बसल्यास पट्टा अचानक खाली येऊन पाय किंवा बोटे चिरडू शकतात. पडद्याचा भाग किंवा हातकठडे धरून यंत्र उचलणे टाळतात, कारण ते जोड भार घेण्यासाठी नसतात. चाके असल्यास यंत्र त्यांच्यावर कलते करून सावकाश ढकलतात. नव्या जागी पाया सपाट करून पट्टा मध्यभागी फिरतो का हे कमी वेगावर पाहतात.

मल्टिजिम : प्रथम चळतीतील पट्ट्या एकेक करून काढतात, नंतर दोऱ्या व कप्प्या सोडवतात आणि शेवटी सांगाडा उकलतात. हा क्रम उलटा केल्यास भारित दोरी सुटून इजा होते. ताणलेली स्प्रिंग किंवा वायूने भरलेली नळी घरी उघडू नये.

बारबेल व तबकड्या : स्टँडवरील दांड्याच्या तबकड्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने काढतात. एक बाजू पूर्ण रिकामी केल्यास दांडा दुसऱ्या बाजूस उलटतो. तबकड्या व डंबेल मोठ्या खोक्यात भरणे ही नेहमीची चूक आहे. खोके लहान दिसते, पण त्याचे वजन उचलणाऱ्याच्या अंदाजापलीकडे जाते. छोट्या पेट्यांत १५ किलोग्रॅमपर्यंतच माल भरून पेटीवर वजन लिहावे.

उचलणे, ढकलणे आणि जिना

पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे वाकवून आणि ओझे पोटाजवळ घेऊन उचलतात. वळताना कंबर न पिळता पावले टाकून संपूर्ण शरीर वळवतात. सामुदायिक उचलीत आज्ञा देणारा एकच असावा. ‘एक, दोन, उचला’ आणि ‘ठेवा’ हे शब्द आधी ठरवून घेतात. कोणीही ‘थांबा’ म्हणाल्यास सर्वांनी थांबावे, हा नियम आज्ञा देणाऱ्यालाही लागू असतो.

जिन्यावर खालच्या माणसाच्या वाट्यास अधिक भार येतो. तेथे सशक्त व अनुभवी माणूस असावा, मात्र त्याच्यामागे जिन्यात कोणीही उभे राहू नये. ओझे सुटू लागल्यास ते सावरण्याचा प्रयत्न न करता बाजूला होणे श्रेयस्कर असते. यंत्र दुरुस्त होते, पण चिरडलेला पाय पूर्ववत होईलच असे नाही.

सपाट जागी हमालांची जुनी साधने आजही कामास येतात. पहारीने एक कड किंचित उचलून खाली लाकडी रूळ सरकवणे, टेकू देणे, तरट किंवा वाकळ खाली घालून यंत्र ओढणे या त्यांपैकी काही युक्त्या होत. वाहनात यंत्र उभे बांधून दोन दिशांनी पट्टे ओढतात. ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान टेम्पोत मालासोबत हौद्यात माणसाने बसणे धोक्याचे असते, कारण ब्रेक लागताच जड यंत्र सरकू शकते.

मराठवाड्यातील घरे आणि हवामान

चाकूर हे लातूर–नांदेड मार्गावरील तालुक्याचे ठिकाण आहे. चाकूर, अहमदपूर, उदगीर या परिसरातील जुन्या घरांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा थर असलेले माळवद आढळते. माळवदाचे स्वतःचेच वजन मोठे असते. त्याची वाळवी लागलेली तुळई बाहेरून धड दिसू शकते. म्हणून माळवदावर व्यायामयंत्र ठेवणे किंवा त्यावरून नेणे टाळावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती व माळवदे कोसळून झालेली जीवितहानी हा या भागाचा कटू अनुभव आहे. उंच मल्टिजिम अशा भिंतीस खिळवण्याने ते स्थिर होत नाही, उलट भिंत कमकुवत होते.

काँक्रीटच्या घरांसाठी भारतीय मानक ८७५ (भाग २) मध्ये निवासी खोल्यांचा चल भार प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅम, धरलेला आहे. १०० किलोग्रॅमची ट्रेडमिल आणि ८० किलोग्रॅमची व्यक्ती मिळून १.४४ चौरस मीटर जागेत सरासरी १२५ किलोग्रॅम प्रति चौरस मीटर भार देतात. धावताना हा भार क्षणोक्षणी वाढतो. शहाबादी फरशीच्या कडेवर यंत्राचा एकच पाय टेकल्यास फरशी तडकते, त्यामुळे खाली प्लायवुडचा तुकडा किंवा रबरी चटई घालतात.

उन्हाळ्यात या भागाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा दिवसांत हे काम सकाळी लवकर करणे, मध्ये विसावा घेणे आणि काम करणाऱ्यांना पाणी देणे आवश्यक असते. घामाने ओल्या हातांची पकड सुटते, तसेच उन्हात ठेवलेले लोखंड हाताला चटका देते.

हमाल, माथाडी आणि कायदा

लहान गावांत हे काम बहुधा बाजारातील हमाल, टेम्पोचालक आणि शेजारी करतात. ओझे वाहणाऱ्यांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा केला. या कायद्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी चळवळ होती, तर पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. कायद्यानुसार कामगार, मालक आणि शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. पोत्याचे वजन १०० किलोग्रॅमवरून ५० किलोग्रॅमवर आणावे, ही हमाल संघटनांची महत्त्वाची मागणी होती.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३४ ने इजा होण्याचा संभव असलेले ओझे कामगारास उचलावयास लावण्यास मनाई केली होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या कमाल भार करारास (क्रमांक १२७) भारताने २०१० मध्ये मान्यता दिली. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोग्रॅम ही कमाल मर्यादा सुचवली आहे. मात्र एखाद्या कुटुंबाने एका दिवसासाठी बोलावलेला मदतनीस सहसा या सर्व व्यवस्थांच्या बाहेर राहतो. त्याला यंत्राचे खरे वजन आधी सांगणे, पुरेशी माणसे घेणे आणि मजुरी कामापूर्वी ठरवणे ही जबाबदारी अशा वेळी घरमालकावर येते.

इजा आणि उपचार

कमरेचा स्नायू आखडणे, म्हणजे बोलीभाषेत ‘उसण भरणे’, ही सर्वांत सामान्य इजा आहे. याखेरीज मणक्यातील चकती सरकणे, अंतर्गळ, बोटे चेमटणे व पायाचे हाड मोडणे हेही प्रकार घडतात. उसण भरल्यावर पायाळू व्यक्तीकडून पाठीवर लाथ मारून घेण्याची प्रथा ग्रामीण भागात आहे. तिला वैद्यकीय आधार नाही, आणि चकती सरकलेली असल्यास ती अपायकारक ठरू शकते. साध्या उसणीत झेपेल तितकी हालचाल चालू ठेवणे दीर्घ अंथरूणापेक्षा हितकर मानले जाते. पायात बधिरता किंवा दुर्बलता, लघवी-शौचावरील ताबा सुटणे किंवा जांघेत संवेदना नसणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा रुग्णालय गाठावे.

नव्या जागी मांडलेले यंत्रही मुलांसाठी धोक्याचे असू शकते. अमेरिकेत एका बालकाचा मृत्यू आणि इतर दुर्घटनांनंतर मे २०२१ मध्ये पेलोटन कंपनीने ‘ट्रेड प्लस’ या प्रकारातील सुमारे १,२५,००० ट्रेडमिल परत मागवल्या. त्यामुळे यंत्राच्या मागे मोकळी जागा सोडणे, वापर नसताना प्लग काढून ठेवणे आणि सुरक्षा-चावी मुलांच्या हाती न लागू देणे, हे हलवाहलवीचेच शेवटचे टप्पे समजले जातात.

हे सुद्धा पहा

माथाडी कामगार
तालीम
मल्लखांब
माळवद
किल्लारी भूकंप
चाकूर तालुका