भुकेल्यांच्या पंगतीतून उभा राहिलेला संघ

ग्लासगोच्या पूर्व भागात आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक मजुरांची कितीतरी मुले उपाशीपोटी शाळेत येत. त्यांच्या जेवणासाठी पैसा उभा राहावा म्हणून मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांच्या पुढाकाराने ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात सेल्टिक फुटबॉल क्लब स्थापन झाला. १८९२ मध्ये ब्रदरांची लंडनला बदली झाली आणि १८९७ मध्ये क्लबची कंपनी झाली. भागधारकांना लाभांश मिळू लागला. मुलांच्या ताटाचा मात्र विसर पडला. सेल्टिकच्या चाहत्याची खंत इतकी जुनी आहे.

तरीही त्याने मैदान सोडले नाही. २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे इंटर मिलानला २-१ असे नमवून सेल्टिकने युरोपियन कप जिंकला. ते अकराही खेळाडू ग्लासगोपासून सुमारे ३० मैलांच्या परिसरात जन्मलेले. चाहत्याच्या लेखी ती आपल्या आळीतलीच पोरे! पुढे मार्च १९९४ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. फर्गस मकॅन यांनी तो सावरला, आणि त्यांनी भाग विक्रीस काढले तेव्हा हजारो चाहत्यांनी ते घेतले. १९९५ मध्ये क्लबचा धर्मादाय निधीही उभा राहिला.

संचालकांवर संतापणारे आणि क्लब वाचवणारे लोक तेच होते. आपल्या धर्मग्रामांत तरी याहून वेगळे काय घडते?