पावती फाडता, मग अतिक्रमण कसं म्हणता?

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसणाऱ्या बाईकडे नगरपरिषदेच्या नावानं दोन जण येतात. सकाळी येतो तो बाजार वसुलीच्या ठेकेदाराचा पोरगा. तो पावती फाडतो, पैसे घेतो, पुढे जातो. दुसरी येते ती अतिक्रमणवाल्यांची गाडी. ती रोज येत नाही. नवीन साहेब आले, मंत्र्यांचा दौरा ठरला किंवा सण तोंडावर आला की येते. काटा उचलते, पाट्या उचलते, छत्री मोडते. सकाळची पावती बाईच्या कमरेच्या पिशवीतच असते. ती दाखवली तर उत्तर ठरलेलं: "मावशी, ही बाजार फीची पावती आहे, परवाना नाही."

म्हणजे जागेचं भाडं चालतं, पण भाडेकरू चालत नाही. गेल्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी मला विचारलं की हे कायद्यात बसतं तरी कसं? उत्तर थोडं लांब आहे. सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागतं, म्हणून आज पोस्ट मोठी झाली आहे. सवडीनं वाचा.

पेशवाईत नवी पेठ वसवायची तर सरकारला चिंता असायची ती विकणारे येतील का याची. म्हणून कौल द्यायचे. या, दुकानं घाला, अमुक वर्षं कर माफ. पेठेवर शेट्ये-महाजन असत. बाजार भरवायचा, तंटे मिटवायचे, वसूल गोळा करायचा, हे त्यांचं वतनी काम. त्यांचा हक्क बहुतेक वेळा मालातूनच निघे. भाजीच्या पाटीतून मूठभर, धान्याच्या पोत्यातून मूठभर. त्याला फसकी म्हणत. वजन-मापं आणि बाजारावर नजर कोतवालाची. हे सगळं फार न्यायाचं होतं असं मी म्हणत नाही, फसकीच्या मुठी किती मोठ्या होत असतील याचा अंदाज ज्यानं त्यानं बांधावा. पण ज्याच्याकडून फसकी घेतली तो बाजारात बसायला पात्र, एवढं त्यात गृहीत होतं. पुण्याची भाजी मंडई तर शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरायची. सत्तेच्या दारात, उघड्यावर.

इंग्रजांनी १८४४ साली मुंबई इलाख्यातले धंद्यांवरचे जुने कर, मोहतर्फा वगैरे, काढून टाकले. मग १८५० च्या २६ व्या कायद्यानं गावोगाव नगरपालिका निघायला सुरुवात झाली. त्यांना दिवाबत्ती, रस्ते, गटारं सांभाळायची होती आणि त्यासाठी पैसा हवा होता. शिवाय पटकी-प्लेगची भीती. त्यातून दोन कामं पुढे आली. एक, बाजार एका छपराखाली आणायचा आणि गाळ्यांचं भाडं घ्यायचं. दोन, रस्ता मोकळा ठेवायचा. रस्ता ही फक्त जाण्यायेण्याची जागा, हा विचार तेव्हापासूनचा. आपल्याकडे रस्ता म्हणजे बाजार, लग्नाचा मांडव, पालखीचा मुक्काम, सगळंच होतं. आजही आहे.

मुंबईत १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उघडलं. पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचं नाव त्याला मिळालं. पुण्यात १८८६ मध्ये रे मार्केट झालं, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं. त्याआधी पुणे नगरपालिकेत सरकारनियुक्त सदस्य म्हणून जोतीराव फुले बसत होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा ओतण्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा असं त्यांचं म्हणणं. पुढे काय झालं? पुण्याचं रे मार्केट महात्मा फुले मंडई झालं आणि मुंबईचं क्रॉफर्ड मार्केटही महात्मा जोतिबा फुले मंडई झालं. नगरपालिकांचा विनोद असा असतो.

आता कायद्याची भाषा बघा, कारण खरी गोम तिथे आहे. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा आजही लागू आहे. त्यातलं कलम ३१३ रस्त्यावर वस्तू ठेवायला मनाई करतं. नंतर घातलेलं ३१३ अ म्हणतं, सार्वजनिक जागी विक्री करायची तर आयुक्तांचा परवाना पाहिजे. आणि ३१४ म्हणतं, विनापरवाना ठेवलेली किंवा विकायला मांडलेली वस्तू आयुक्त नोटीस न देता उचलू शकतात. नोटीस न देता, हे तीन शब्द लक्षात ठेवा. जिल्ह्याच्या गावांसाठी १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा आला, पुढे १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा आला. कलमांचे आकडे वेगळे, साचा तोच. बाजार भरवून फी घेण्याचा अधिकार एका प्रकरणात आणि रस्त्यावरचा अडथळा हटवण्याचा अधिकार दुसऱ्या प्रकरणात. दोन्हीमध्ये माणूस एकच आहे, ही गोष्ट कायदा लिहिणाऱ्यानं कुठेच नोंदवली नाही. पावतीवाला पोरगा आणि अतिक्रमणाची गाडी, दोघांचा जन्म इथला.

तरी परवाना मिळत होता तोवर निदान एक दार उघडं होतं. मुंबईनं १९७८ च्या सुमारास नवे फेरीवाला परवाने देणंच थांबवलं. शहर वाढत गेलं, गिरण्या बंद पडल्या, कामगारांच्या घरातली माणसं टोपली घेऊन रस्त्यावर आली आणि परवान्यांचा आकडा मात्र सुमारे १५ हजारांवर गोठला. १९९८ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि युवा या संस्थेनं मुंबईत मोजणी केली, तेव्हा फेरीवाले एक लाखाच्या वर निघाले. म्हणजे दहातले आठ-नऊ जण कायद्याच्या नजरेत नव्हतेच. ज्याला परवाना मिळूच शकत नाही त्याला परवाना नाही म्हणून पकडायचं. मग हप्ता सुरू होणार नाही तर काय? हप्ता हा परवान्याचाच काळा भाऊ आहे. दर ठरलेला, वार ठरलेला, फक्त पावती नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै १९८५ मध्ये दोन निकाल आले, दोन्ही सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या काळातले. एक फुटपाथवर राहणाऱ्यांचा, ओल्गा टेलिस खटला म्हणून प्रसिद्ध. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं त्यात म्हटलं. कलम ३१४ रद्द केलं नाही, पण एरवी आधी नोटीस दिलीच पाहिजे असं सांगितलं. दुसरा निकाल बॉम्बे हॉकर्स युनियनचा. तिथेही कलमं वैध ठरली, पण शहरात कुठे विकता येईल आणि कुठे नाही याचे विभाग ठरवा, असा आदेश झाला.

१९८९ चा सोदान सिंग निकाल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हा माणूस दिल्लीत जनपथजवळच्या गल्लीत तयार कपडे विकायचा. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं की रस्त्यावर विक्री करणं हा घटनेच्या कलम १९(१)(ग) खालचा व्यवसायाचा हक्क आहे. त्यावर वाजवी बंधनं घालता येतील, आणि अमुकच जागा माझी असं कुणाला म्हणता येणार नाही. निकाल दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. आपल्याकडे विक्रेत्यांचे पुढारी पहिलं वाक्य सांगतात आणि अधिकारी दुसरं.

पुढची वीस-पंचवीस वर्षं कागदांची. २००३ मध्ये मुंबईसाठी एक मीटर बाय एक मीटर जागेचे नियम, शाळा-दवाखाने-देवळांपासून १०० मीटर, रेल्वे स्टेशनपासून १५० मीटर. २००४ चं राष्ट्रीय धोरण, २००९ चं सुधारित धोरण. धोरण म्हणजे शिफारस, मुख्याधिकाऱ्यानं ते वाचलंच पाहिजे असं काही नाही. शेवटी २०१० मध्ये गेंदा राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ३० जून २०११ पर्यंत कायदाच करा म्हणून बजावलं. ती मुदतही उलटली. कायदा आला २०१४ मध्ये, १ मेपासून लागू. पथविक्रेता उपजीविका संरक्षण कायदा असं थोडक्यात म्हणू.

हा कायदा फक्त मुंबई-पुण्यासाठी आहे असा समज आपल्या गावात पक्का आहे. तसं नाही. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, कटक मंडळ, सगळ्यांना तो लागू आहे. ग्रामपंचायतीला नाही. पण २०१४ नंतर तालुक्याची कितीतरी गावं नगरपंचायती झाली, ती सगळी यात आली. कायदा सांगतो काय? दर पाच वर्षांत किमान एकदा विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा. त्यात सापडलेल्या सगळ्यांना सामावून घ्या, मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्के. म्हणजे साठ हजार वस्तीच्या गावात दीड हजार विक्रेते. आपल्या गावात एवढे आहेत का, एकदा मोजून बघा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं देईपर्यंत कुणालाही हटवायचं नाही, हे कलम ३(३). हटवायचं झालं तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर यादी द्यायची. टिकणारा माल दोन कामाच्या दिवसांत परत, नाशवंत माल त्याच दिवशी. १८८८ चे ते "नोटीस न देता" तीन शब्द इथे संपायला हवे होते, कारण जुन्या कायद्याशी विसंगती आली तर हा कायदा वरचढ, असंही त्यातच लिहिलंय.

आणि हे सगळं ठरवायला नगर पथविक्रेता समिती. अध्यक्ष आयुक्त किंवा मुख्याधिकारी, पण किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी मतदानानं निवडलेले, त्यात एक तृतीयांश बाया. कुठे बाजार, कुठे बंदी, हे या समितीच्या सल्ल्याशिवाय ठरवता येत नाही. महाराष्ट्रानं आपले नियम २०१६ मध्ये केले. कायद्यानं त्यासाठी एक वर्ष दिलं होतं.

मधल्या काळात २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, माणसं मेली, आणि राग निघाला फेरीवाल्यांवर. पूल अरुंद होता, पाऊस होता, गर्दी होती. पण पुलापेक्षा टोपली उचलणं सोपं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई उच्च न्यायालयानं १०० आणि १५० मीटरच्या मर्यादा कायम केल्या.

मग कोविड आला. जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली, विक्रेत्याला खेळत्या भांडवलासाठी १० हजारांचं कर्ज. ज्यांचं सर्वेक्षणात नाव नाही त्यांना नगरपरिषदेनं शिफारसपत्र द्यायचं. उद्दिष्टं वरून आली होती, त्यामुळे जी कचेरी वर्षानुवर्षं विक्रेते मोजायला तयार नव्हती तिनं भराभर पत्रं दिली. हा माणूस आमच्या हद्दीत पथविक्रेता आहे, असं सही-शिक्क्यानिशी. कर्ज घेताना तो पथविक्रेता. हप्ते फेडायला गाडी लावली की अतिक्रमण.

दुसरी बाजू नाही असं नाही. मुख्य रस्त्यावर ॲम्ब्युलन्स अडकते तेव्हा विक्रेत्याचा हक्क ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही, थांबूही नये. एकेका माणसाच्या पाच-पाच गाड्या असतात आणि त्यावर रोजंदारीची पोरं. कायदा हे चालू देत नाही. विक्रेत्यानं स्वतः किंवा घरच्यांनी धंदा करावा, जागा भाड्यानं देता येत नाही. दुकानदार म्हणतात आम्ही घरपट्टी भरतो, गाळाभाडं भरतो, आणि दारात हा बसतो. रास्त आहे. पण याच दुकानदारांतले काही जण दारापुढची सार्वजनिक जागा विक्रेत्याला रोजानं देतात हेही गावाला माहीत आहे. स्वतःच्या दुकानाची पायरी, फलक आणि पुतळे रस्त्यावर किती आलेत हे मी लिहीत नाही, जाहिराती बंद होतील.

मला काळजी आहे ती आठवडी बाजाराची. सध्या जिथे तिथे बाजार गावाबाहेर हलवायच्या गोष्टी चालू आहेत. जागा मोक्याची झाली की तिथे संकुल सुचतं. या बाबतीत २०१४ च्या कायद्यात एक तरतूद आहे, जिची चर्चा कुणी करत नाही. विकणारे आणि घेणारे परंपरेनं जिथे जमतात त्याला कायदा नैसर्गिक बाजार म्हणतो. अशा ठिकाणी विक्रेत्यांचा धंदा ५० वर्षांहून जास्त चालला असेल तर तो वारसा बाजार जाहीर करायचा आणि तिथून विक्रेत्यांना हलवायचं नाही. आपले बहुतेक आठवडी बाजार ५० काय, शंभराच्या पुढचे असतील. पण "आमच्या आजीपासून इथे बसतो" हे तोंडी सांगून भागत नाही, कागद लागतो.

तो कागद घरात असू शकतो. नगरपरिषदेनं वर्षानुवर्षं फाडलेली तीच बाजार फीची पावती. परवाना नव्हे म्हणता ना, नसू दे. पण त्या तारखेला त्या जागी बाजार भरत होता आणि नगरपरिषदेनं त्याचे पैसे घेतले, एवढं ती सांगतेच. कुणाच्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, जुन्या वहीत १९७५ च्या आधीच्या पावत्या असतील तर फेकू नका. दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो काढून मला पाठवा, नाव गुप्त ठेवीन. नगरपरिषदेच्या जुन्या लिलावाच्या नोटिसा, बाजार ठेक्याचे ठराव कुणाकडे असतील तर तेही. आणि ज्यांना माहितीचा अर्ज टाकायचा आहे त्यांनी तीनच गोष्टी मागा: शेवटच्या सर्वेक्षणाची तारीख व यादी, पथविक्रेता समितीवरच्या निवडून आलेल्या सदस्यांची नावं, आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. अर्जाचा मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकला आहे.