नकली हिऱ्याची कुळकथा

आमच्या इचलकरंजीच्या बाजारांत 'अमेरिकन डायमंड' म्हणून विकला जाणारा खडा मूळचा अमेरिकेचा नाहीं. तो झिर्कोनियमच्या ऑक्साइडचा स्फटिक. १९७३ च्या सुमारास मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकशास्त्र संस्थेंत तो मोठ्या प्रमाणांत वाढविण्याची युक्ति साधली आणि १९७६ पासून तो दागिन्यांत आला.

त्यापूर्वीं राज्य कांचेचें होतें. पॅरिसचा जवाहिऱ्या स्ट्रास यानें अठराव्या शतकांत शिसें मिसळलेल्या कांचेस हिऱ्याची झांक आणली. पण तें तेज उसनें. खड्यामागील चकचकीत वर्खाचें! माझ्या लेकीच्या लग्नांत घेतलेल्या खड्यांच्या कुड्या पहिल्याच पावसाळ्यांत भिजल्या, वर्ख काळवंडला आणि खडे आंधळे झाले. विकणाऱ्यानें त्या 'अमेरिकन' म्हणूनच दिल्या होत्या. सासरीं बोल मात्र तिला ऐकावे लागले.

तेव्हांपासून मी दागिना आधीं उलटून पाहतों. मागें वर्ख दिसला, तर बहुधा ती कांच. झिर्कोनियाच्या खड्यास वर्खाची गरज नसते. शिवाय धुळींतील गारेच्या कणांचें काठिन्य सात, कांचेचें साडेपांचच्या आसपास, तर याचें आठाच्या वर. म्हणून पुसतां पुसतां कांचेच्या कडा बोथटतात, याच्या फारशा नाहींत. खडा डिंकानें चिकटविलेला नसावा. धातूच्या नखांनीं धरलेला असावा. कोंदण चांदीचें हवें असल्यास हुपरी शेजारींच आहे.

आणि कोणी हाच खडा अस्सल हिरा म्हणून पुढें केला, तर सुटा खडा तराजूंत घालावयास सांगावें. तेवढ्याच आकाराच्या हिऱ्याच्या दीडपटीहून तो अधिक भरतो.