पावतीने वाचविलेला कालवा

स्ट्रॅटफर्ड हे शेक्सपियरचे गाव. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिले. त्या वाटेने हे गाव आपल्या ओळखीचे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. त्या बाकावरच स्ट्रॅटफर्डची एक दुसरी गोष्ट आमच्या हाती लागली. तिच्यात राजपुत्र नाही. फावडी, घमेली आणि गाळ आहे. आज तीच सांगावयाची आहे.

१७९३ साली बर्मिंगहॅमजवळ एका कालव्याचे काम सुरू झाले आणि १८१६ साली तो स्ट्रॅटफर्डपाशी एव्हन नदीस मिळाला. लांबी सुमारे २५ मैल. हा शेतीच्या पाण्याचा कालवा नव्हे, वाहतुकीचा. घोडा काठाने चाले, दोराने नाव ओढी आणि कोळसा गावोगाव पोहोचे. उतारावर ‘लॉक’ बांधलेले असत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दारे असलेली बांधीव कोठी. नाव आत घ्यावी, मागचे दार लावावे, पाणी सोडून पातळी खाली आणावी आणि मग पुढचे दार उघडावे. असा हा पाण्याचा जिना. एडस्टोन येथे तर कालवा ४७५ फूट लांबीच्या लोखंडी पन्हाळीतून पुढे जातो.

हे खोदकाम माणसांनी हातांनी केले. अशा मजुरांना ‘नॅव्हिगेटर’ म्हणत. त्याचे ‘नॅव्ही’ झाले आणि पुढे खोदकाम करणाऱ्या कोणत्याही मजुरास तेच नाव पडले. इतिहासात इंजिनियरांची नावे राहिली. नॅव्हींचा केवळ शब्द राहिला.

पुढे आगगाडी आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कालवा रेल्वे कंपनीच्या हाती गेला. प्रतिस्पर्ध्याच्या घरी दिलेल्या मुलासारखी त्याची आबाळ झाली. लॅपवर्थ ते स्ट्रॅटफर्ड हा सुमारे १३ मैलांचा दक्षिण भाग गाळाने भरला, दारे कुजली. १९४८ साली ब्रिटनमधील बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. आम्ही जन्मभर राष्ट्रीयीकरणाच्या बाजूचे. पण येथे कबूल केले पाहिजे की मालक बदलला, गाळ तसाच राहिला.

१९५८ साली वॉरिकशायरच्या काउंटी कौन्सिलने हा भाग कायमचा सोडून देण्याची परवानगी मागितली. मोडकळीस आलेला पूल नव्याने बांधण्याचा खर्च वाचवावयाचा होता. कालवा कोणी वापरीतच नाही, असे कारण दाखविले गेले. तेव्हा कालवाप्रेमी मंडळी उठली. १९४६ साली स्थापन झालेली ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ त्यांत पुढे होती. शोध घेता असे निघाले की अलीकडेच या कालव्यातून लहानशी होडी वल्हवीत नेली गेली होती आणि तिच्या परवान्याची तारखेसह पावती शिल्लक होती! लोकांचा विरोध होताच; त्याला कागदाचा आधार मिळाला. १९५९ साली परवानगी नाकारली गेली.

श्रोतेहो, ही पावती वाचताना आम्ही बाकावरून उठलो होतो. एका ठेकेदाराकडे बारा वर्षे झाडू मारलेल्या बायांना ‘तुम्ही येथे कामास नव्हताच’ असे ऐकावे लागलेले आम्ही पाहिले आहे. त्यांतल्या एकीने पिठाच्या डब्यात हजेरीची चिठ्ठी जपली होती, तेवढ्यावर पुढचे भांडण उभे राहिले.

पुढे १९६० साली ‘नॅशनल ट्रस्ट’ने हा भाग भाडेपट्ट्याने घेतला. १९६१ साली डेव्हिड हचिंग्ज या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली काम लागले. काही पैसा सरकारचा, काही वर्गणीचा. सुटीच्या दिवशी येणारे स्वयंसेवक, सैनिक आणि बर्मिंगहॅमच्या तुरुंगातले कैदी गाळात उतरले. ११ जुलै १९६४ रोजी, शेक्सपियरच्या चारशेव्या जयंतीच्या वर्षी, राजमाता एलिझाबेथ यांनी कालवा पुन्हा खुला केला. या यशामुळे इंग्लंडात इतर मृत कालव्यांच्या कामांनाही धीर आला.

येथे आमच्यातला युनियनवाला गप्प बसत नाही. फुकट श्रम म्हटले की आम्हांस मजुरी बुडाल्याची शंका येते. ज्या कामास पैसा मंजूर आहे, तेथे श्रमदान म्हणजे मजुराच्या ताटातला घास. पण येथे मजुरी द्यावयास कोणी तयारच नव्हते. कालवा बुजू देण्याचाच बेत होता. म्हणून स्वयंसेवकांना आम्ही मनापासून नमस्कार करतो. कैद्यांचे तसे सहज म्हणवत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नाही, त्याच्या श्रमास दान म्हणावे काय? उघड्या हवेत येण्याचा आनंद त्यांना झालाही असेल, तरी त्यांच्या घामाचा हिशेब वेगळ्या वहीत मांडला पाहिजे.

१९८८ साली कालवा पुन्हा सरकारी मंडळाकडे गेला आणि २०१२ पासून तो ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहे. मालक इतके बदलले. कालवा टिकला तो वापरणाऱ्यांमुळे. आपल्या गावातली विहीर, घाट, वाचनालय, जे सार्वजनिक म्हणून उरले आहे, ते वापरीत राहा. आणि वर्गणी दोन रुपयांची असली, तरी पावती मागून घ्या.